जावयाचं इंजिन

"ह्याला टॅपेट सेट करता येतात का?" असं एका इंग्रज म्हाताऱ्याने माझ्यादेखत, माझ्याकडे बोट दाखवून, माझ्या सासऱ्यांना विचारलं. टॅपेट सेट करणं म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हपाशी नेमकी तेवढी बारीक फट ठेवणं. सासऱ्यांना इंग्रजी येत नाही म्हणून मी दुभाष्या म्हणून बरोबर गेलो होतो. त्यांनी मान माझ्याकडे वळवण्याचेही कष्ट न घेता अस्खलित इंग्रजीत उत्तर दिलं, "नो."

गोष्ट शनिवारची. आज बुधवार. अजून डोक्यातून जात नाही. त्यात अधिक महिना चालू आहे. ज्या महिन्यात जावयाला पाटावर बसवून, ओवाळून, तेहतीस अनारसे हातावर ठेवायचे, त्या महिन्यात हे. अनारसे मिळाले, नाही म्हणत नाही. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेल्या डब्यातले सात विमानात मोडले, बाकीचे मी खाल्ले. पण म्हणून काय झालं?

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या माझ्या गॅरेजात गेली तीन वर्षं एक गाडी उभी आहे. गाडी म्हणजे एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि भंगारातल्या फोर्ड सिएराची चाकं. लोटस सेव्हनची नक्कल करतोय. 1957 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ही दोन माणसांची, दार नसलेली, छप्पर नावापुरतं असलेली चिमुकली स्पोर्ट्स कार काढली. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडली तर खरेदीकर वाचायचा, म्हणून अख्खे इंग्रज बाप्ये रविवारी गॅरेजात शिरले. कर वाचतोय म्हटल्यावर आमच्या पेठेतल्या लोकांनी घरी विमान जोडलं असतं, त्यामुळे मला ह्यात काही नवल वाटत नाही. 1973 मध्ये तो खरेदीकर गेला, त्याच वर्षी गाडीचे हक्कही लोटसकडून केटरहॅम नावाच्या कंपनीकडे गेले. गॅरेजात शिरायची सवय तेवढी राहिली, आणि ती मला इथे आल्यावर लागली.

सांगाडा झाला, स्टिअरिंग झालं, ब्रेकच्या नळ्या झाल्या. राहिलं फक्त इंजिन. हे "फक्त" तीन वर्षं राहिलंय.

त्याचं असं आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. मला हवं उभं, म्हणजे गाडीच्या लांबीला बसणारं, मागची चाकं फिरवणारं. फोर्डचं झेटेक स्वस्तात मिळतं, पण ते मूळचं आडवं. उभं केलं की गिअरबॉक्स दुसरा शोधा. पाण्याची नळी नेमकी मागच्या पत्र्याला भिडते, ती फिरवून घ्या. ऑइलचं चेंबर रस्त्याला घासेल इतकं खाली येतं, ते कापून बुटकं करा. फोर्डचंच पिंटो आधीपासूनच उभं, पण लोखंडाचा ठोकळा आणि उंच इतकं, की बॉनेटला भोक पाडावं लागतं. पहिल्या बाकावर बसवलेल्या उंच मुलासारखं ते सगळ्यांच्या नजरेत येतं. कुणी हायाबुसा मोटरसायकलचं 1,300 सीसीचं इंजिन बसवतात. वाऱ्यासारखं पळतं, पण त्याला रिव्हर्स गिअर नाही. म्हणजे गाडी मागे घ्यायची तर खाली उतरून ढकला. वडिलांच्या स्कूटरमुळे ढकलण्याचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे, पण त्यासाठी विलायतेला यायची गरज नव्हती. रोव्हरचं व्ही-8 बसवावं असंही मनात येऊन गेलं. मूळचं अमेरिकेच्या ब्यूइकचं, पुढे रोव्हरने उचललं. साडेतीन लिटर, ॲल्युमिनियमचं, आवाज असा की अंगावर काटा यावा. घरात विषय काढला तर बायको फक्त "पेट्रोल" एवढंच म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

सगळं जमवून गाडी उभी राहिली, तरी पुढे सरकारची आयव्हीए, म्हणजे घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी. तिथला माणूस बाहेरच्या कडांची गोलाई अडीच मिलिमीटर आहे की नाही तेसुद्धा बघतो. धुराचा नियम मात्र इंजिनच्या वयावर ठरतो. 1 ऑगस्ट 1975 च्या आधीचं इंजिन आहे हे कागदावर दाखवता आलं, तर डोळ्यांना दिसेल तेवढाच धूर बघतात. थोडक्यात, म्हातारं इंजिन म्हणजे कमी कटकट. त्यामुळे तीन वर्षांनी मी जिथून सुरुवात करायला हवी होती तिथे पोचलो. फोर्डचं क्रॉसफ्लो, 1967 पासूनचं, बाळबोध, लोखंडी. एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने धूर बाहेर. खुद्द 1968 च्या सेव्हनमध्येही हेच होतं.

ह्या सगळ्याची मी एक्सेल शीट केली आहे. अकरा इंजिनं, चौदा रकाने. मंडळाच्या पाडव्याला ती दोघातिघांना दाखवली तर एक जण म्हणाला, "इलेक्ट्रिक का नाही टाकत?" नोकरीत मी दिवसभर बॅटरीच्या तापमानाचं सॉफ्टवेअर लिहितो. आचारी घरी येऊन जेवायला बसला की त्याला पुन्हा पोळ्या लाटायला सांगतं का कुणी?

अण्णा, म्हणजे माझे सासरे, महिन्याभरापूर्वी आले. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. पहिल्या दिवशी चहा घेऊन गॅरेजात आले, सांगाड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"वेल्डिंग कुणाचं?"

"माझं."

"हं."

त्या "हं"वर मी वेगळा लेख लिहू शकतो. नंतर त्यांना एक्सेल दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत, अगदी टॉर्कच्या रकान्यासकट, नीट वाचली आणि विचारलं, "ह्यातलं एखादं चालू आहे का?"

तर शनिवारी आम्ही तासाभरावरच्या एका खेड्यात क्रॉसफ्लो बघायला गेलो. विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे. अंगात दुकानदार घालायचे तसला खाकी डगला, त्याच्या खिशात तीन पेनं आणि एक फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. गॅरेजात जुन्या चादरींखाली झाकलेली चार इंजिनं. मी म्हटलं, बघू या का. आजोबा म्हणाले, आधी बसा. तिथे खुर्ची एकच होती. ती त्यांनी अण्णांना दिली.

मग सुरू झाली चौकशी. गाडी कसली? वजन किती भरेल? साडेपाचशे किलोच्या आसपास म्हटल्यावर थोडे खुलले. कार्ब्युरेटर कोणता लावणार? गिअरबॉक्स कुठला? दिवाणखान्यात काच ठेवून टेबल तर करणार नाही ना? मागे एक जण तसं करायला घेऊन गेला होता म्हणे. मी शपथेवर नाही म्हटलं. कांदेपोह्यांना मी आयुष्यात एकदाच बसलोय, आणि तेव्हा समोर हेच अण्णा होते. त्यांनीही इतकं विचारलं नव्हतं. पगार विचारला आणि पोहे पुढे केले.

"याआधी इंजिन बांधलंयत का?"

"तत्त्वतः माहिती आहे," मी म्हणालो.

आजोबांनी माझ्यावरची नजर काढून घेतली ती पुन्हा टाकलीच नाही. "हे कोण? वडील?" सासरे, म्हटलं. सरकारी बसच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक होते. आजोबा उठले, आत गेले, चहा घेऊन आले. दोन कप. दोनच. एक अण्णांना, एक स्वतःला. इथे चहा विचारण्याची एवढी मोठी संस्कृती आहे म्हणतात, ती नेमकी माझ्यापाशी येऊन संपली.

चहा झाल्यावर चादर उचलली. अण्णांनी फडकं मागितलं, म्हणजे हाताने पुसण्याची खूण केली. ब्लॉकच्या बाजूची काजळी पुसून त्यांनी अंगठ्याने चाचपलं तर खाली 711एम अशी ओतीव अक्षरं. आजोबांचा चेहरा फुलला. जाड भिंतींचा ब्लॉक आहे, म्हणाले. ज्या एस्कॉर्टमधून काढला तिची 1972 ची कागदपत्रंही त्यांनी ड्रॉवरमधून काढली. मी हे मराठीत सांगायला तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "कळलं मला." काय कळलं, कसं कळलं, देव जाणे.

मग अण्णांनी चारही स्पार्क प्लग काढले. प्रत्येकाचं टोक उजेडाकडे धरून बघितलं आणि काढले तसे क्रमाने मांडले. पहिल्या भोकावर अंगठा दाबला आणि आजोबांना मानेने खुणावलं. आजोबांनी पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. आतल्या हवेच्या दाबाने अण्णांचा अंगठा "टप्" करून उडाला. दुसरं भोक. टप्. तिसरं. टप्. चौथ्याला आवाज जरा मऊ आला तसे दोघेही थांबले, एकमेकांकडे बघितलं, पुन्हा फिरवलं. टप्. दोघांनी एकदमच मान डोलावली. मी हातात मोबाइलचा टॉर्च धरून उभा. बाकी मला काम नव्हतं.

"जावईबापू, वास घ्या," अण्णांनी डिपस्टिक माझ्या नाकाखाली धरली.

घेतला.

"कशाचा?"

"ऑइलचा."

दोघेही हसले. त्यातल्या एकाला मराठीचा एक शब्द कळत नाही, तोही हसला. "पेट्रोलचा नाही ना? जळकट नाही ना? मग तसं सांगा की," अण्णा म्हणाले.

आणि इथे आजोबांनी टॅपेटचा प्रश्न विचारला. माझ्याकडे बोट करून, अण्णांना. "टॅपेट" हा शब्द आणि रोखलेलं बोट, एवढ्यावर अण्णांना अख्खं वाक्य समजलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी म्हटलं, शिकता येईल की. कुणी ऐकलं नाही. अण्णांनी एक बोट वर केलं. आजोबांनी आठ बोटं दाखवली. अण्णांनी तीन. आजोबांनी सहा. अण्णांनी पाच. आजोबांनी चार. मला आधी वाटलं किंमत चालली आहे. मग अण्णांनी माझ्यावर उपकार केल्यासारखं समजावलं: आठ व्हॉल्व्ह असतात. पहिला पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा सेट करायचा, तिसरा उघडा तर सहावा, पाचवा उघडा तर चौथा. बेरीज नऊ आली पाहिजे. साहेबांच्या अँबॅसडरला अण्णा हेच करायचे, आणि अँबॅसडर म्हणजे मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. त्यांच्याच देशाचा पाढा त्यांनाच म्हणून दाखवत होते.

आता माझं म्हणणं असं आहे, की हे मला का येत नाही? चार वर्षं पुण्यात मेकॅनिकल केलं. तिथे प्रयोगशाळेत इंजिनचं कट-सेक्शन मॉडेल होतं, पिस्टनला लाल रंग, पाण्याच्या जागेला निळा. बाजूला "हात लावू नये" अशी पाटी. आम्ही हात लावला नाही. जर्नलमध्ये आकृती काढली, त्यावर सर सही करायचे. कुठल्या व्हॉल्व्हच्या वेळी कुठला, हे सरांना माहीत होतं की नाही ह्याची मला आज शंका आहे. वडिलांनी फीसाठी काढलेलं कर्ज मात्र माझ्या तिसऱ्या नोकरीपर्यंत चाललं. आणि दापोडीला आयटीआय करून लागलेला माणूस अंगठ्याने जे सांगतो, त्यासाठी माझ्या शीटमध्ये रकाना नाही. ह्यात माझा दोष किती? तर "नो" म्हणण्याइतका खचितच नाही.

किंमत पुढे ठरली, तीही माझ्याशिवाय. आजोबांनी टॅपेट कव्हरवरच्या धुळीत बोटाने 650 लिहिलं. अण्णांनी ते पुसून 500 लिहिलं. आजोबांनी 600. अण्णांनी जरा विचार केला आणि 533 लिहून खाली रेघ ओढली. आजोबा चक्रावले, हे तेहतीस कशाचे? अण्णा मला म्हणाले, "सांगा त्यांना, अधिक महिना आहे." अधिक महिन्याला इंग्रजीत काय म्हणायचं? चंद्राची वर्षं सूर्यापेक्षा छोटी पडतात, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना वाढवतात, आणि त्यात जावयाला तेहतीसच्या पटीत काहीतरी देतात, असं मी सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अण्णांशी हात मिळवला.

अण्णांनी बनियनच्या खिशातून तेहतीस पौंड मोजून दिले. "हे आमच्याकडून, अधिकाचं वाण." उरलेले पाचशे वाणात बसत नसल्यामुळे मी दिले.

इंजिन कप्पीने उचलून गाडीत ठेवताना आजोबांनी एका पुठ्ठ्यावर आपला फोन नंबर लिहिला. काही अडलं तर करा, म्हणाले. पुठ्ठा अण्णांना दिला. शिवाय खिशातलं फीलर गेजसुद्धा.

रविवारी अण्णांनी मला दिवसभर बसवलं. इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर, मी पाटावर. अखेर ह्या महिन्यात पाट मिळाला तो असा. "एक उघडा तर?" "आठ." "चार उघडा तर?" "पाच." गेजची पाती व्हॉल्व्हच्या टोकावरच्या फटीत सरकवायची आणि स्क्रू फिरवायचा. स्क्रू जरासा जास्त फिरला की फट बदलते, की पुन्हा पहिल्यापासून. सातवा चार वेळा केला. संध्याकाळपर्यंत आठही झाले. अण्णांनी पाती घेऊन एकेक तपासला. पाती ओढताना लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली पाहिजे म्हणे. एक ते तीन काही बोलले नाहीत. चौथा सैल करून स्वतः परत केला. पाच ते आठ पुन्हा काही बोलले नाहीत.

रात्री वर झोपायला जाताना त्यांचा सासूबाईंशी फोन चालला होता. माझं नाव आलं म्हणून जिन्यावर थबकलो.

"हात तसा बरा आहे जावयाचा," अण्णा म्हणत होते, "फक्त..."

आणि त्यांनी दार लोटून घेतलं.