मालकाला कशाला त्रास, पोटभाडेकरू व्हा!

घर शोधताय ना, मग थेट घरमालकाच्या नादी अजिबात लागू नका. तो करार करतो, डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, नोटीस किती दिवसांची, सगळं लिहून त्यावर सह्या घेतो. एवढं लेखी झाल्यावर मग भांडायला राहिलं काय? त्यापेक्षा ज्याने स्वतः घर भाड्याने घेतलंय आणि ज्याची एक खोली 'अशीच पडलीये' असा माणूस गाठा. तो मालक नसतो पण रुबाब मालकाच्या वरचा, भिंतीला खिळा ठोकायचा नाही हे त्याला मालकाने एकदाच सांगितलेलं असतं, तुम्हाला तो रोज सांगेल.

मालकाची लेखी परवानगी आहे का, असलं काही विचारून त्याचा अपमान करू नका. "मालक काही बोलत नाहीत हो" असं म्हणेल तो, आणि ते खरंच असतं, त्यांना पत्ताच नाही तर बोलणार काय! त्याचा मूळ करार तर चुकूनही बघायला मागू नका, उगाच त्यात पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं कलम सापडायचं, किंवा कळायचं की त्याची स्वतःची मुदत दोन महिन्यात संपतेय आणि तुम्हाला मात्र त्याने खोली वर्षभरासाठी दिलीये. जे आपल्याकडेच नाही ते दुसऱ्याला द्यायचं म्हणजे मन किती मोठं लागतं बघा.

भाडं त्याच्या हातात द्यायचं, कॅश, पावतीबिवती नको. तो पुढे मालकाला देईल. देईलच. समजा नाही दिलं आणि मालकाने त्याला बाहेर काढलं तर तुम्हीही बॅगा घेऊन त्याच्या मागोमाग, तेव्हा मी दर महिन्याला वेळेवर भरत होतो हो असं मालकाला जरूर सांगून बघा, तो फार प्रेमाने विचारेल, आपण कोण? डिपॉझिटही मालकाकडे मागायची सोय नाही, त्याने ते घेतलेलंच नाही, आणि ज्याने घेतलं त्याचा फोन आता लागत नाही.

नळ गळत असेल तर बादली लावा.

आणि तुम्हीच मूळ भाडेकरू असाल तर मग मजाच मजा. खोली दुसऱ्याला द्या आणि खुशाल दुसऱ्या शहरात निघून जा, करारावर नाव तुमचंच राहतं. त्याने भाडं थकवलं की फोन तुम्हाला, खिडकी फोडली की भरपाई तुमच्याकडून, म्हणजे न राहताही घराशी नातं टिकतं. काही लोक मालकाशी बोलून जुना करार रीतसर संपवतात आणि नव्या माणसाच्या नावाने थेट नवा करायला लावतात, फारच अरसिक माणसं. परवानगी तर मुळीच मागू नका, मालक एखादवेळेस हो म्हणायचा, आणि मग तो अचानक दारात आल्यावर पोटभाडेकरूची मावसभाऊ म्हणून ओळख करून द्यायची, आणि त्या बिचाऱ्याने तुमच्या मावशीचं नाव आठवत उभं राहायचं, ही सगळी गंमतच जायची.