108 वेळा म्हटलं म्हणून लक्षात राहत नाही

ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं म्हणणं असं: कोणताही शब्द किंवा उतारा सलग 108 वेळा मोठ्याने म्हटला की तो मेंदूत कायमचा कोरला जातो, जितकी आवर्तनं जास्त, तितका मेंदू अधिक सक्रिय, वेदपाठी पंडितांवरच्या संशोधनाने हे सिद्ध झालंय, परदेशी भाषाही अशीच येते, आणि वेळ नसेल तर मूल झोपल्यावर उशाशी रेकॉर्डिंग लावावं.

मी नौपाड्यात जर्मन शिकवते. माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, तशा जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून रात्रपाळी करून थेट क्लासला येणाऱ्या नर्सही येतात. अभ्यासाला त्यांना दिवसाकाठी जेमतेम तासभर मिळतो. तो तास असल्या सल्ल्यावर जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी ‘सलग’ आणि ‘कायमचं’. स्मरणशक्तीवर पहिले शिस्तीतले प्रयोग हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच केले आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या 12 अक्षरगटांची यादी तो पाठ करायचा. तीच यादी पुन्हा पाठ करताना, आदल्या दिवशी एका बैठकीत 68 वेळा म्हणून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून 38 वेळा म्हटल्यावर झाला. म्हणजे जवळजवळ निम्मी मेहनत वाचली, ती फक्त मध्ये दिवस जाऊ दिल्यामुळे. आणि कायमचं म्हणाल, तर पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या तासाभरातच निसटतं, हेही त्यानेच मोजून दाखवलं. पुढे 1973 मध्ये क्रेक आणि वॉटकिन्स यांनी लोकांना शब्दांची यादी ऐकवली आणि ठरावीक अक्षराने सुरू होणारा शेवटचा शब्द तेवढा ध्यानात ठेवायला सांगितलं. त्यामुळे काही शब्द मनात बराच वेळ घोळले, काही क्षणभरच. नंतर अचानक सगळेच शब्द विचारले, तर जास्त घोळलेले शब्द काही जास्त आठवले नाहीत. नुसतं घोळवत ठेवल्याने शब्द त्या वेळेपुरता हाताशी राहतो, एवढंच.

मग मुरतं कशाने? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कार्पिकी आणि रोडिगर यांचा 2008 चा प्रयोग, कारण तो थेट परभाषेतल्या शब्दांवर आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा 40 जोड्या दिल्या. एकदा बरोबर आलेली जोडी काही गटांनी पुढे फक्त वाचत राहायची होती, तर काहींना तिच्यावर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जात होते. आठवड्याने परीक्षा घेतली. प्रश्न चालू राहिले होते त्यांना सुमारे 80 टक्के जोड्या आठवल्या. नुसतं वाचत राहिलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश. आणि आपल्याला किती आठवेल, असं आधी विचारलं होतं तेव्हा सगळ्याच गटांचा अंदाज साधारण निम्म्याचा होता. मला काळजी वाटते ती इथेच. घोकणाऱ्याला आपण कमी पडतोय हे आतून कळतच नाही. शब्द ओठांवर सरसर येतो, म्हणून तो आला असं वाटतं. मग तोंडी परीक्षेत समोरच्याने वेगळ्या क्रमाने विचारलं की मुलगी गप्प होते आणि स्वतःलाच ‘ढ’ म्हणवून घेते. ती ढ नसते. तिला कुणी वही मिटून आठवायला लावलेलं नसतं.

‘मेंदू जास्त सक्रिय होतो’ हा दावा तर उलटा आहे. तोच शब्द पुन्हा समोर आला की त्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद सहसा कमी होतो. विद्युत आलेखांतही हे दिसतं आणि स्कॅनमध्येही. इस्राएलमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये ध्यानाची सवय नसलेल्या लोकांना हिब्रूतला ‘एक’ हा शब्द मनातल्या मनात म्हणत राहायला सांगितलं, तेव्हा मेंदूच्या बऱ्याच भागांतली हालचाल मंदावली. जपाने मन शांत होतं असं माझी आई म्हणायची, ते याच्याशी जुळतं. पण शांत होणं वेगळं आणि शिकणं वेगळं. एकच शब्द फार घोळवला तर त्याचा अर्थच थोडा वेळ विरून जातो. लिओन याकोबोविट्स यांनी 1962 मध्ये आपल्या प्रबंधात याचाच अभ्यास केला होता.

आता पंडितांचा मुद्दा. संशोधन खरं आहे. जेम्स हार्ट्झेल आणि सहकाऱ्यांनी 21 वेदपाठी पंडित आणि 21 इतर पुरुष यांच्या मेंदूचे स्कॅन ताडून पाहिले, आणि पंडितांमध्ये काही भाग मोठे आढळले. पण ही दोन गटांची एका वेळची तुलना आहे. फरक पाठांतराने पडला की आधीपासूनच होता, हे तिच्यातून ठरत नाही. शिवाय त्या पंडितांमागे लहानपणापासूनची कित्येक वर्षांची साधना होती. तिचा दाखला देऊन संध्याकाळच्या 108 आवर्तनांची भलामण करणं हा त्या साधनेवर अन्याय आहे.

आणि वेदपाठ म्हणजे एकच ओळ त्याच क्रमाने म्हणत राहणं नव्हेच. संहिता, म्हणजे संधींसह सलग मंत्र, पाठ झाली की पदपाठात संधी सोडवून एकेक पद सुटं म्हणायचं. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं अशा जोड्या. जटापाठात जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात तर 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 असं करत पुढे सरकायचं. नुसत्या ओघावर जीभ सोडून हे जमत नाही. प्रत्येक पद स्वतंत्रपणे हाताशी लागतं. चूक झाली तर समोर बसलेले गुरुजी तिथेच थांबवतात. क्रम मोडून आठवायला लावणं आणि चूक लगेच दुरुस्त करणं, यावरच ही परंपरा उभी आहे. तिचं नाव घेऊन नेमकं तेच गाळणारा सल्ला पसरवला जातो, याचा मला राग येतो.

परभाषेत पुनरावृत्तीला जागा आहे, ती जिभेसाठी आणि कानासाठी. कधी न ऐकलेला शब्द ऐकून जसाच्या तसा म्हणता येणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह सहसा मोठा असतो, हे गॅदरकोल आणि बॅडली यांनी दाखवलंय. मराठीत नसलेले जर्मन स्वर बसेपर्यंत मीही मोठ्याने म्हणून घेते. उच्चार बसला की मात्र तिथे थांबायचं. नवी मुंबईहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्यांना मी सांगते: परतताना ठाण्याला गाडीत बसल्यावर शब्द वाचा, ऐरोलीला वही पिशवीत टाका, कोपरखैरण्यापर्यंत तिच्याकडे बघू नका, आणि तुर्भे आलं की आठवा. अडलेल्या शब्दांवर खूण करा, तेवढेच परवा पुन्हा.

झोपेतलं रेकॉर्डिंग सगळ्यात आधी बंद करा. 1950 च्या दशकात सायमन आणि एमन्स यांनी मेंदूचे विद्युत आलेख घेत हे तपासलं. माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेलं त्याला सकाळी आठवलं नाही. उलट जागेपणी शिकून मग झोपलं तर विसरणं कमी होतं, हे जेंकिन्स आणि डॅलनबाख यांच्या 1924 च्या प्रयोगापासून माहीत आहे. तेव्हा मुलाला शांत झोपू द्या, आणि सकाळी शाळेची बस येईपर्यंत कालचे चार-पाच शब्द विचारा, उलटसुलट क्रमाने.