बधवार पार्कच्या जागी नुसता समुद्र नव्हता, स्टेशन होतं

आज सकाळी कफ परेडला काम होतं. बधवार पार्क या रेल्वेच्या वसाहतीपाशी एक गाइड पर्यटकांच्या घोळक्याला सव्वीस अकराची माहिती देत होता. अतिरेकी इथल्याच मच्छीमार वस्तीत बोटीतून उतरले, ते बरोबरच. पण घोळक्यातल्या एका बाईंनी विचारलं, त्याच्या आधी इथं काय होतं? तर म्हणाला, "काही नाही, नुसता समुद्र. सगळा भराव आहे." आणि निघाला पुढे. तेव्हापासून डोकं सणकलंय.

अरे, काही नाही कसं? इथं कुलाबा स्टेशन होतं! बीबी अँड सीआय रेल्वेचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं, शेवटचं स्टेशन. १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत आलेली ही गाडी पुढं समुद्राच्या कडेकडेनं कुलाब्याला पोचली. १८९६ मध्ये तिथं पक्कं टर्मिनस उभं राहिलं.

माझे पणजोबा तिथल्या मालधक्क्यावर मुकादम. कापसाच्या गाठी मोजण्यात जन्म गेला. आजोबा तेव्हा शाळकरी पोर, चर्नी रोडला गाडीत बसून त्यांचा डबा पोचवायचे. मरीन ड्राइव्ह नव्हताच तेव्हा, रुळांच्या शेजारी समुद्र. पावसाळ्यात भरतीला तुषार खिडकीतून आत यायचे आणि डब्याचं फडकं ओलं व्हायचं. पणजोबा ते पिळून म्हणायचे, "आज कालवण अळणी असलं तरी चालेल."

हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ते फडकं मीच पिळल्यासारखं वाटतं.

आणि स्टेशन काही मोडकळीला आलेलं नव्हतं हो! १९२८ च्या जानेवारीत कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात कुलाब्याहून थेट पेशावरला फ्रंटिअर मेल. पेशावर! आणि जेमतेम दोन वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० च्या रात्री, कुलाबा बंद. का? तर बॅकबेचा, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या समुद्राचा, भराव. सरकारला जमीन हवी होती, रूळ मध्ये येत होते. त्या भरावात पैशाची काय उधळपट्टी झाली ते काँग्रेसचे पुढारी आणि वकील खुर्शेद नरिमनांनी चव्हाट्यावर आणलं, खटला अंगावर घेतला. योजना अर्धवटच राहिली, स्टेशन मात्र पुरतं गेलं. आज आपण "नरिमन पॉइंट" म्हणतो ते याच माणसाच्या नावानं, आणि तेही भरावावरच. किती जणांना माहीत आहे?

मान्य, लांबच्या गाड्यांना मुंबई सेंट्रल सोयीचं पडलं. आता मेट्रोही कफ परेडला पोचली, तेही चांगलंच झालं. पण नव्वदहून जास्त वर्षं कुलाब्याच्या माणसानं चर्चगेटला उतरून बस-टॅक्सीच्या रांगा लावल्या, त्याचं काय?

स्टेशन बंद झालं तेव्हा पणजोबांची बदली झाली. डबा पोचवायचा राहिला नाही. आजोबा सांगायचे, त्यानंतर ते पुन्हा कधी कुलाब्याला गेले नाहीत. मी विचारायचो का, तर म्हणायचे, "कुणाकडे जायचं?"

हे लिहिताना राग जरा उतरलाय. त्या गाइड पोराला तरी काय बोलणार, त्याला जे शिकवलं तेच त्यानं सांगितलं. पण ज्यांनी शिकवायचं त्यांचं काय? वसाहतीला रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांचं नाव दिलं, चांगलं केलं. इथं रुळांचा शेवट होता, एवढं सांगणारी एक पाटी का असू नये? मी शोधली, मला तरी दिसली नाही. मराठीत, ठसठशीत अक्षरांत, रस्त्यावरून जाताना वाचता येईल अशी हवी.

मी रेल्वेला पत्र लिहितोय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुलाबा स्टेशनचं जुनं तिकीट, पास, पगाराचा कागद, फोटो, काहीही असेल तर खाली टाका. आजी-आजोबांनी सांगितलेली आठवण असली तरी लिहा, पत्रासोबत जोडतो.