कसाब, बिर्याणी आणि 'काहीच केलं नाही'

दर नोव्हेंबरला तोच मजकूर मोबाइलवर येऊन धडकतो: "कसाबला चार वर्षं बिर्याणी चारली. चौपाटीवरच गोळी घालून विषय संपवायला हवा होता. २६/११ नंतर देशानं केलं काय? मेणबत्त्या लावल्या!"

बिर्याणीचा निकाल आधी लावू. कसाबनं ती मागितली नव्हती, त्याला कुणी दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल कणव निर्माण होऊ लागली होती म्हणून ही गोष्ट आपणच रचली, असं खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगून टाकलं. तरी ती खपतेच आहे.

'चार वर्षं' हा आकडा खरा, पण त्यात काय काय झालं ते बघा. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाची फाशी, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाचं, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, २१ नोव्हेंबरला येरवड्यात फास. आजोबांनी लावलेल्या जमिनीच्या दाव्याच्या तारखा जिथे नातू घेतो, त्या देशात हा वेग कमी नाही. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. चौपाटीवर न्याय उरकणाऱ्यांनी त्यांचं काय केलं असतं?

आणि गोळी. दहा हल्लेखोरांपैकी हा एकटाच जिवंत हाती लागला, कारण चौपाटीवर मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे यांनी त्याची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या. तो आपला नाहीच, असं म्हणणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये त्याचं नागरिकत्व कबूल करावं लागलं. पुढच्याच महिन्यात, कटाचा काही भाग आपल्याकडे शिजला, हेही. मेलेल्या दहाव्या माणसानं हे वदवून घेतलं असतं, असं मला वाटत नाही.

'काहीच केलं नाही' म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. रात्री हल्ला सुरू झाला आणि एनएसजी या केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून मुंबईत पोहोचले ते सकाळी. ही नामुष्कीच होती. पण २००८ च्याच डिसेंबरात एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला, २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, किनाऱ्याच्या सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे गेली, राज्यानं फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभारलं. कटातला आरोपी तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून इथे आणलं.

अडलं ते सीमेपलीकडे. हल्ल्याचा सूत्रधार मानला जाणारा लष्कर-ए-तैयबाचा लख्वी पाकिस्तानात २०१५ मध्ये जामिनावर सुटला. २०२१ मध्ये त्याला शिक्षा झाली ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल, २६/११ बद्दल नव्हे.