बिल्ड फुटलं? परत मारा!

कंपनीने सोळा कोअरचं मशीन दिलंय ते काय शोभेला? तेव्हा पहिला सल्ला: मेक (कोडपासून प्रोग्राम बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं हत्यार) चालवताना '-जे' द्या, पण त्याच्यापुढे आकडा लावू नका. आकडा लावला की मेक एका वेळी तेवढीच कामं हाती घेतो. न लावला तर मर्यादाच नाही, जे जे तयार ते ते सगळं एकदम सुटतं. टेम्प्लेटांनी गच्च भरलेली सी प्लस प्लसची एकेक फाइल कंपाइल होताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरताना, एक-दीड जीबी मेमरी सहज गिळू शकते, पण म्हणून घाबरायचं? फार तर माउस गोठेल, पंखा घोंगावेल आणि मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा लिनक्सचा ओओएम किलर येऊन कुणाचा तरी गळा धरेल. बळी कंपायलरचा गेला तर स्क्रीनवर 'किल्ड' दिसेल, ब्राउझरचा गेला तर मीटिंग बुडेल. दोन्हीकडून फायदाच. एका जॉबला दोन जीबी असा हिशेब धरणारे लोक असतात. त्यांना आपण किराणा दुकानात पाठवू.

मेक बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली लिहिला. त्यांच्या सहकाऱ्याने बग दुरुस्त केला होता, पण ती फाइल परत कंपाइलच झाली नव्हती, आणि बिचाऱ्याची अख्खी सकाळ नसलेला बग शोधण्यात गेली. थोडक्यात, जे बनलंय त्यावर भरवसा ठेवता यावा म्हणून हे हत्यार जन्माला आलं. असल्या जुन्या गोष्टी मनावर घेऊ नका.

आता डिपेंडन्सी. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये लिहायचं असतं. पण सगळंच कोण लिहीत बसतो? एकेरी बिल्डमध्ये मेक यादी डावीकडून उजवीकडे घेतो. यादीत स्क्रिप्टने बनणारा हेडर (बाकीच्या फाइली जो आत ओढून घेतात) आधी म्हणून तो आधी तयार होतो, आणि वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. '-जे' दिलं की हेडर बनवणारी स्क्रिप्ट आणि तो वापरणारा कंपायलर दोघं एकदमच निघतात. वरातीमागून घोडं! हेडर नसलाच तर ठीक, एरर तरी सरळ येते. खरी मजा तो अर्धवट लिहिलेला असतो तेव्हा. कंपायलर कुरकुरतो की शेवटचा 'एंडइफ' (हेडर बंद करणारी ओळ) सापडत नाही. तुम्ही फाइल उघडता, तर शेवटच्या ओळीपर्यंत धडधाकट. तेवढ्या वेळात स्क्रिप्टने लिहून संपवलेली असते. मग तुम्ही डोळे चोळता, बिल्ड परत मारता, आणि ते पास होतं.

यालाच आपल्यात 'फ्लेकी' म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा. एकदा फ्लेकी म्हटलं की चूक कुणाचीच राहत नाही.

बायसन, म्हणजे पार्सरचा (मजकुराची रचना ओळखणारा) कोड आपोआप लिहून देणारा प्रोग्राम. त्याचा प्रकार तर आणखी गोड. एका रूलमधून पार्सरची सी फाइल आणि हेडर दोन्ही निघतात, म्हणून आपण दोन्ही टार्गेटं (बनवायच्या फाइली) एका ओळीत लिहितो. मेक त्याचा अर्थ दोन वेगळे रूल असा लावतो आणि दोन बायसन एकाच फाइलवर तुटून पडतात. ग्नू मेक (मेकचीच एक आवृत्ती) 4.3 मध्ये, म्हणजे 2020 साली, दोन्ही फाइली एकदमच बनतात हे सांगायला '&:' आलंय. दोन अक्षरं. पण त्यासाठी मॅन्युअल वाचावं लागतं, आणि 'स्लीप 5' (पाच सेकंद थांब) लिहायला काहीच वाचावं लागत नाही. आमच्या एका जुन्या मेकफाइलमध्ये असे तीन स्लीप होते. एकावर कॉमेंट होती: 'काढू नये'. मीच लिहिली होती, बहुतेक.

सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर, दोनदा रीट्राय लावा, म्हणजे एकूण तीन प्रयत्न. बिल्ड दहात एकदा फुटत असेल तर तिन्ही वेळा फुटण्याची वेळ हजारात एकदा येईल. एका ओळीच्या कॉन्फिगने शंभरपट सुधारणा! अप्रेझलमध्ये लिहा.

मॅनेजरना चौसष्ट कोअरचं मशीन मागा. दहावा हिस्सा काम, समजा शेवटचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं), एकेरीच होणार असेल तर कितीही कोअर लावले तरी वेग दहापटीवर जात नाही, हे जीन अॅमडाल यांनी 1967 सालीच मांडून ठेवलंय. ते मॅनेजरना आधी सांगू नका, मशीन आल्यावर सांगा.

एकाच गोष्टीपासून सावध राहा. ग्नू मेक 4.4 मध्ये, 2022 पासून, '--शफल' नावाचा पर्याय आहे. तो कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतो आणि लपलेल्या डिपेंडन्सी उघड्या पाडतो. वर फुटलं की क्रमाचा आकडाही छापतो, म्हणजे तेच अपयश पुन्हा जसंच्या तसं घडवता येतं. 'फ्लेकी' म्हणायची सोयच राहत नाही. टीममधल्या नव्या पोराने हा शोध लावलाच, तर त्याला तातडीने डॉक्युमेंटेशनच्या कामाला लावा.

आणि रिलीजच्या रात्री? तेव्हा '-जे1'. स्क्रिप्टमध्ये ते आधीच लिहिलेलं असतं, कुणी लिहिलं ते विचारायचं नाही. एक कोअर कंपाइल करतो, पंधरा झोपतात, आणि आपण देव पाण्यात घालून वडापाव मागवतो. माझा बिनमिरचीचा.