रॅम रिकामी करायला सांगणारा तो मेसेज कास्तकारांचं नुकसान करून राहिला

परवा संध्याकाळी मोठे बाबा माझ्या कंप्युटरच्या सेंटरवर आले, "पोरी, मोबाईल साफ केला वं सगळा, कसा पयते पाय आता" म्हणत मोबाईल माझ्या हातात दिला. पाहते तर पीक पाहणीचं ॲप, म्हणजे वावरातल्या पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचं ते, कालच टाकल्यासारखं कोरं, जिल्हा-तालुका-मोबाईल नंबर पहिल्यापासून विचारून राहिलं. नाल्यापलीकडच्या वावरात रेंज नसते, म्हणून शनिवारी तिथं उभं राहून सोयाबीनचे अन् पऱ्हाटीचे फोटो काढून त्यांनी ॲपमध्येच ठेवले होते, रेंजमध्ये आलो की अपलोड करू म्हणून. ते सगळे गेले. वरून दोन दिवसांचा पाऊस, काळ्या मातीचा गारा, ६७ वर्षांच्या माणसाला पुन्हा नाला ओलांडून तिकडं जायचं. आणि हे सगळं कशापायी, तर गावाच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजपायी.

तो मेसेज तुमच्याकडंही आला असेलच. पाच गोष्टी आहेत त्यात. एक, रॅम ८० टक्क्यांच्या वर भरली की फोन स्लो होतो अन् हळूहळू खराब होतो. दोन, दर तासाला सगळी ॲप वर सरकवून बंद करा, रात्री फोर्स स्टॉप करा. तीन, खालच्या लिंकवरून रॅम क्लीनर टाका. चार, आठवड्यातून एकदा सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक ॲपचा डेटा क्लिअर करा म्हणजे रॅम मोकळी होते. पाच, व्हर्च्युअल रॅम पूर्ण वाढवा, फुकटात ८ जीबी रॅम मिळते. आणि शेवटी नेहमीचं, सगळ्या कास्तकार बांधवांपर्यंत पोचवा.

मी चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी फोनचं वाकडं होईल, याने माणसाचं होते.

डेटा क्लिअर केल्याने रॅम मोकळी होत नाही. रॅम वेगळी, स्टोरेज वेगळं. रॅम म्हणजे फोन चालू असताना कामाचं सामान जिथं मांडून ठेवतात ती जागा, फोन बंद केला की ती आपोआप कोरी होते. स्टोरेज म्हणजे तुमचे फोटो, ॲप, कागदपत्रं जिथं कायमची राहतात ते. 'क्लिअर डेटा' दाबलं की स्टोरेजमधलं त्या ॲपचं सगळं जाते, लॉगिन, सेटिंग, अन् अपलोड व्हायचं बाकी असलेलं जे काही असेल ते. ॲप पहिल्या दिवसावर येऊन बसते. त्याच्याच बाजूला 'क्लिअर कॅश' असते, ते एकवेळ ठीक आहे, त्याने फक्त पुन्हा तयार करता येणारं सामान जाते, पण मेसेजमध्ये सरळ डेटा लिहिलं आहे, अन् मोठ्या बाबांनी एकेक करत १९ ॲपचा डेटा उडवला. पैशाचं ॲपही त्यात गेलं. ते पुन्हा चालू करायला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, अन् त्यांच्या सिमवर एसएमएसचा बॅलन्स नव्हता, म्हणजे कृषी केंद्रावर औषधाचे पैसे द्यायलाही त्या दिवशी माणूस अडला. पाहणी झाली नाही तर सातबाऱ्यावर पेरा चढत नाही, पेरा नाही तर हमीभावाच्या खरेदीला नोंदणी करताना अडते, हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको. मेसेज लिहिणाऱ्याला रॅम अन् स्टोरेज यातला फरक माहीत नाही, अन् तो हजारो लोकांना बटणं दाबायला सांगून राहिला.

आता पहिला मुद्दा. सगळ्या गोंधळाचं मूळ तेच आहे, कारण दिसायला ते एकदम पटण्यासारखं आहे. कोठी भरली की जागा नाही, तशी रॅम भरली की जागा नाही, असंच डोक्यात येते. मलाही कॉलेजात असेपर्यंत असंच वाटायचं.

माझ्या सेंटरवरचा कंप्युटर जुना आहे, ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स टाकलेलं आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सचंच कर्नेल असते, कर्नेल म्हणजे सगळ्यात खालचा तो प्रोग्राम जो कोणाला किती मेमरी द्यायची, कोणाची काढून घ्यायची हे ठरवतो. मोठ्या बाबांना बाजूला बसवून मी त्या कंप्युटरवर 'फ्री' ही कमांड चालवून दाखवली. एकूण ३.७ जीबी, वापरात १.४, एकदम रिकामी फक्त १६० एमबी. "भरलीच की वं" म्हणाले. मग मी त्याच ओळीतला शेवटचा आकडा दाखवला, 'अव्हेलेबल', २.१ जीबी. म्हणजे रिकामी १६० एमबी अन् मिळू शकते २ जीबीच्या वर, मग मधलं एवढं सगळं कुठं आहे? ते कॅशमध्ये आहे, वर सांगितलेल्या स्टोरेजमधल्या कॅशमध्ये नाही, रॅममधल्या. तुम्ही सकाळपासून ज्या फाइली उघडल्या त्यांची एक प्रत कर्नेल रॅममध्ये तशीच राहू देते, कारण पुन्हा लागली तर स्टोरेजवरून उचलून आणायला नको. दुसऱ्या कोणाला जागा लागली की त्या प्रती सोडून देते, अन् मूळ फाइल स्टोरेजवर आहेच, म्हणून सोडायला वेळही लागत नाही. जिच्यात बदल झालेला आहे अन् अजून स्टोरेजवर उतरलेला नाही तेवढी प्रत आधी लिहून घ्यावी लागते, बाकीच्या सरळ टाकून देता येतात.

रिकाम्या आकड्याकडं पाहून फसणारे फक्त आपल्याच गावात नाहीत. मोठमोठे प्रोग्रामही तोच आकडा पाहून चुकीचा हिशोब करायचे, म्हणून २०१४ साली लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत कर्नेलनं स्वतःच हा 'मिळू शकणारी मेमरी' वाला आकडा द्यायला सुरुवात केली. कोणाला पाहायचाच असेल तर तो पाहा.

मोठ्या बाबांना मी आपल्या वावराचंच उदाहरण दिलं. डवरणीचे दिवस आहेत, सालदारानं डवरा, दोर, फवारणीचा पंप, सगळं वावरातल्या कोठ्यात ठेवलं आहे. तुम्ही रोज संध्याकाळी कोठा रिकामा दिसावा म्हणून ते सगळं बंडीत भरून घरी आणता अन् सकाळी पुन्हा तिकडं नेता. कोठा चकाचक दिसेल, काम किती होईल? ते लगेच म्हणाले, "असा मालक असन तर सालदार पयून जाईन."

आणि भरल्याने रॅम खराब होते हे तर काहीच्या काही आहे. रॅमच्या चिपमध्ये साठवलेलं टिकून राहावं म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तिचे सगळे खण पुन्हा ताजे करावे लागतात, त्यात कोणत्या खणात कामाचं आहे अन् कोणत्यात नाही हे ती चिप पाहत बसत नाही.

दुसरा मुद्दा यातूनच येतो. मागं ठेवलेलं ॲप बहुतेक वेळा काही करत नसते, नुसतं रॅममध्ये झोपलेलं असते. कर्नेलकडं प्रत्येक ॲपसाठी एक गुण असतो, समोर उघडं आहे त्याला शून्याच्या आसपास, मागं झोपलेल्याला ९०० च्या पुढं, अन् मेमरी खरंच कमी पडली की मोठ्या गुणवाल्याचा नंबर आधी लागतो. तुम्ही हाताने जे करता ते काम ती यंत्रणा गरज पडेल तेव्हा, अन् गरज पडेल तेवढंच करते. मोठ्या बाबांच्याच फोनवर हवामानाचं ॲप मागं असताना उघडलं, सेकंदही लागला नाही. मग सरकवून बंद केलं अन् पुन्हा उघडलं, मी तोंडाने मोजत होते, सहा झाले. त्या सहा सेकंदांत प्रोसेसर पळते, बॅटरी जाते, नेट जाते. दर तासाला हे करायला सांगून राहिले लोकांना.

फोर्स स्टॉप त्याहून वाईट. त्याने त्या ॲपने लावलेले अलार्मही रद्द होतात, तुम्ही ते पुन्हा उघडेपर्यंत. ज्यांची लाईनची पाळी रात्री आहे, तीन वाजता मोटर सुरू करायला अलार्म लावून झोपतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

क्लीनरबद्दल मी जास्त वाद घालत नाही, एकच गोष्ट सांगते अन् ती मी बनवलेली नाही. अँड्रॉइड १४ आलं २०२३ मध्ये, त्यात गुगलनं नियमच बदलला, एक ॲप दुसऱ्या ॲपच्या मागच्या प्रोसेस मारू शकत नाही, फक्त स्वतःच्या मारू शकते. आणि तिथंच ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं की बाहेरचं कुठलंही ॲप अँड्रॉइड फोनची मेमरी, बॅटरीचा खर्च किंवा तापणं सुधारू शकत नाही. ज्यांनी ही यंत्रणा बनवली तेच सांगून राहिले की हे होऊच शकत नाही. मग स्क्रीनवर झाडू फिरतो, ८७ टक्के होते ते ५२ झाले असं दिसते, ते काय? मोठ्या बाबांच्या फोनचं अँड्रॉइड जुनं आहे, तिथं ते क्लीनर खरंच ॲप मारत होतं. पाच मिनिटांनी आकडा ८४. मारलेली अर्धी ॲप परत उठून बसली होती, अन् उठायला पुन्हा बॅटरी लागलीच. मधल्या वेळात दोन जाहिराती दाखवल्या अन् ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली. ती परवानगी देऊ नका, तिच्याने ॲप तुमच्या स्क्रीनवरचं वाचू शकते अन् तुमच्या वतीने बटणंही दाबू शकते. ज्या फोनवर पैशाचं ॲप आहे त्यावर तर नाहीच नाही.

पाचव्या मुद्द्यात मात्र थोडं खरं आहे, ते कबूल करावं लागेल. जास्त वेळ हात न लावलेली पानं, म्हणजे रॅममधल्या सामानाचे छोटे छोटे तुकडे, रॅममधून काढून दुसरीकडं ठेवायची, ही पद्धत जुनी अन् चांगली आहे. उलट त्यातला सगळ्यात कामाचा प्रकार म्हणजे झेडरॅम, त्यात ती पानं दाबून लहान करून रॅममध्येच ठेवतात. नितीन गुप्ता यांनी ते सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव कॉम्पकॅश होतं, अन् ते मुख्य कर्नेलमध्ये पक्कं झालं त्याच ३.१४ आवृत्तीत. त्याच्या आधीच, २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये, ५१२ एमबीच्या फोनसाठी ते सुचवलेलं होतं. तुमच्या फोनमध्ये ते बहुतेक आधीच चालू असेल, त्यासाठी काही दाबायचं नाही. पण मेसेजमधली व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅमच्या नावाने वापरणं, अन् स्टोरेजवरून एक पान आणायला रॅमपेक्षा कित्येक शेकडो पट वेळ लागतो, शिवाय त्या चिपवर किती वेळा लिहिता येईल यालाही मर्यादा असते. स्वस्तातल्या फोनचं स्टोरेज आधीच भरत आलेलं असते, त्यातले ८ जीबी असे काढून दिले तर ज्याने फोन खरोखर स्लो होतो तेच तुम्ही वाढवलं. कंपनीनं जेवढी ठेवली तेवढी राहू द्या.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण मला या मेसेजचा राग त्यापायी जास्त आला. कोणतं पान ठेवायचं अन् कोणतं काढायचं यावर शिकलेली माणसं वर्षानुवर्षं डोकं लावून राहिली. आधी कर्नेल पानांच्या दोनच याद्या ठेवायचं, सध्या लागणारी अन् न लागणारी. गुगलच्या यू झाओ यांनी त्याऐवजी पिढ्या केल्या, अलीकडं हात लावलेली पानं तरुण पिढीत, बराच वेळ कोणी न विचारलेली म्हाताऱ्या पिढीत, काढायची वेळ आली की म्हाताऱ्या पिढीपासून सुरुवात. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये ते आलं. त्याआधी गुगलनं कोट्यवधी फोन अन् क्रोमबुकवर चालवून पाहिलं होतं, काढायची पानं शोधणारा कर्नेलचा जो भाग आहे त्याचा प्रोसेसरवरचा खर्च ४० टक्क्यांनी कमी झाला, अन् ॲप उघडायला लागणारा वेळ, सगळ्यांच्या मधोमधचा आकडा धरून, १८ टक्क्यांनी. ज्यांना मेमरी कमी पडल्याने ॲप मारायची वेळ जास्त येते अशा फोनमध्ये ते मारणं ८५ टक्क्यांनी घटलं. इतकी मेहनत कशासाठी, तर ॲप मारावी लागू नयेत म्हणून. आणि आपण दर तासाला बोटाने सगळी मारून टाकायची.

फोन खरंच अडकत असेल तर काय करायचं? आधी स्टोरेज पाहा. मोठ्या बाबांच्या फोनमध्ये ग्रुपवरून आलेले व्हिडिओच ११ जीबी होते, ते काढले. क्लीनर काढलं. एकदा बंद करून चालू केला, कारण एखादं ॲप बिघडून मेमरी धरून बसलं असेल तर त्याने सुटते, एवढं खरं आहे. एखादं ॲप रोजच असं करत असेल तर तेवढं एकच काढून टाका.

काल सकाळी पाऊस उघडला तसे मी अन् मोठे बाबा नाल्यापलीकडं जाऊन आलो. दोन्ही पिकांचे फोटो काढले, धुऱ्यावरून चालत रस्त्यावर आलो, दोन काड्या रेंज आली तशी तिथंच उभं राहून अपलोड केलं, सव्वा तास गेला. ज्यांनी हा मेसेज वाचून डेटा क्लिअर केला असेल त्यांनी आजच पीक पाहणीचं ॲप उघडून आपली नोंद दिसते का ते तपासा, नसेल तर मुदत संपायच्या आत पुन्हा करा, जमत नसेल तर सेंटरवर या, मी करून देते, पण फोटोला वावरात तुम्हालाच जावं लागेल. आणि ग्रुपवर ज्याने तो टाकला त्याने निदान चौथ्या नंबरची ओळ चुकीची आहे एवढं तरी खाली लिहावं.