सोपा सर्व्हर म्हणजे कमी ओळींचा सर्व्हर नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सवर व्हॅलहाइम या गेमचा डेडिकेटेड सर्व्हर (मित्रांना एकत्र खेळता यावं म्हणून सतत चालणारा) लावण्याच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: डॉकरच्या (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) एका ओळीत जे होतं त्यासाठी वेगळा युजर, सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) फाईल, वेगळा सेव्ह फोल्डर असा पसारा कशाला? नवखा माणूस हे वाचूनच पळेल. आणि भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी मशीनवर) दुसरं काहीच नसताना रूटने (सगळे हक्क असलेल्या युजरने) चालवलं तर काय बिघडतं? प्रश्न रास्त आहेत, आणि असा विचार करणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्व्हर उभा करण्याचं काम एकदाच असतं. त्यानंतर तो महिनोन्‌महिने चालतो. गेमचे अपडेट येतात, मशीन रीबूट होतं, डिस्क भरते. सोपेपणा मला या काळात हवा आहे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं वाचली आणि पुढे मित्रांनी बांधलेलं गाव गेलं, तर त्या मांडणीला मी सोपी म्हणणार नाही.

तुमच्या ओळीत इमेजचं (ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्याचं) नाव आणि दोन पोर्ट आहेत, व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा ठेवण्याची जागा) नाही. म्हणजे गेममधलं जग कंटेनरच्या आत किंवा फार तर एखाद्या निनावी व्हॉल्यूममध्ये राहतं. नवी इमेज घेऊन जुना कंटेनर काढून टाकला की खेळाडूंसमोर कोरं जग उभं. दुसरी अडचण थांबवण्याची आहे, आणि बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं. व्हॅलहाइमचा सर्व्हर नीट बंद करायचा तो कंट्रोल-सी दाबून, म्हणजे सिगइंट हा सिग्नल पाठवून. तेव्हा तो जग सेव्ह करून बाहेर पडतो. ‘डॉकर स्टॉप’ मात्र इमेजमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर सिगटर्म (बंद होण्याची विनंती) पाठवतं, १० सेकंद वाट बघतं आणि मग सिगकिल (जबरदस्तीने बंद). त्यातून कंटेनरमधला पहिला प्रोसेस साधी बॅश स्क्रिप्ट असेल, तर तो सिग्नल गेमपर्यंत पोचतही नाही. आपोआप सेव्हचं मूळ अंतर १८०० सेकंद आहे. म्हणजे एका चुकीच्या ‘स्टॉप’मध्ये अर्ध्या तासापर्यंतचं काम जाऊ शकतं, आणि लॉगमध्ये त्याची एकही लाल ओळ दिसत नाही.

सिस्टमडीची फाईल याचसाठी आहे. तिथेही मूळ सिग्नल सिगटर्मच असतो, म्हणून ‘किलसिग्नल’ सिगइंट करायचा आणि ‘टाइमआउटस्टॉपसेक’ (थांबायला दिलेले सेकंद) १२० ठेवायचा. जग मोठं झालं की सेव्हला वेळ लागतो, तिथे घाई नको. गेम सुरू करणाऱ्या स्टार्ट स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीआधी ‘एक्झेक’ लिहा, म्हणजे मधलं बॅश उरत नाही आणि सिस्टमडीला दिसणारा मुख्य प्रोसेस खुद्द गेमच असतो.

याच फाईलमध्ये एक खाचखळगा आहे. सर्व्हरचा पासवर्ड किमान ५ अक्षरी हवा आणि तो सर्व्हरच्या नावात आलेला चालत नाही. नाहीतर सर्व्हर सुरू होता होताच बंद पडतो. ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ आणि मध्ये १० सेकंदांचं अंतर दिलं असेल, तर तो रात्रभर उठत-पडत राहील, कारण सिस्टमडीची मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा अशी आहे आणि तुम्ही तिच्यापर्यंत कधी पोचतच नाही. ‘युनिट’ विभागात ३०० सेकंदांत ४ वेळा अशी मर्यादा घाला, मग चूक लपून राहणार नाही.

रूटबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. हा सर्व्हर इंटरनेटवरच्या कोणाचेही यूडीपी पॅकेट (डेटाचे तुकडे) स्वीकारतो, आणि मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या जोडण्या) टाकले तर अनोळखी माणसाने लिहिलेला कोड तुमच्या हक्कांनिशी चालतो. ‘मशीनवर दुसरं काही नाही’ म्हणता, पण तिथे तुमची एसएसएच किल्ली (दुरून लॉगिन करण्याची) आहे, बॅकअप आहेत, आणि भाड्याचं बिल तुमच्या नावावर आहे. शिवाय एकदा रूटने चालवलं की सेव्ह फाईल रूटच्या मालकीच्या होतात. पुढे साध्या युजरने चालवायला गेलात की लिहिण्याची परवानगी नाही म्हणून जग सेव्हच होत नाही. वेगळा युजर म्हणजे एक कमांड. तेवढी करावीच.

स्टीमसीएमडीच्या (सर्व्हरच्या फाईल उतरवणाऱ्या स्टीमच्या कमांड-साधनाच्या) पायऱ्या मी विस्ताराने दिल्या याचं कारण तिथे येणारी फसवी एरर. फाईल समोर दिसत असते आणि शेल म्हणतं, अशी फाईलच नाही. खरं तर स्टीमसीएमडी ३२ बिटचा आहे आणि त्याला लागणारा ३२ बिटचा लोडर मशीनवर नसतो. डेबियन-उबुंटूवर ‘लिब३२जीसीसी-एस१’ टाकलं की काम होतं. जुन्या लेखांतलं ‘लिब३२जीसीसी१’ हे नाव आता चालत नाही. इन्स्टॉलचा फोल्डर लॉगिनच्या आधी सांगा, अ‍ॅप क्रमांक ८९६६६०, लॉगिन अ‍ॅनॉनिमस. ०x२०२ असा कोड आला तर आधी डिस्कवरची जागा बघा. आणि सोबत आलेल्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये बदल करू नका, तिची प्रत काढून त्या प्रतीत करा. पुढच्या अपडेटमध्ये मूळ फाईलवर नवी फाईल बसते आणि तुमचं नाव, पासवर्ड सगळं पुसलं जातं.

युनिट फाईल लिहायचीच नसेल, तर नवख्याला मी लिनक्सजीएसएम (गेम सर्व्हर सांभाळणारं तयार साधन) सुचवेन. ते टीमक्समध्ये (लॉगआउट केलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) सर्व्हर चालवतं, अपडेट आणि बॅकअपच्या कमांड तयार देतं, आणि रूटने चालवायला गेलात तर नकार देतं. दोनच गोष्टी सांभाळा: ‘डिफॉल्ट’ नावाच्या कॉन्फिग फाईलला हात लावू नका, आणि रीबूटनंतर सर्व्हर आपोआप उठावा म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) नोंद स्वतः घाला.

डॉकर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रोज डॉकर वापरणाऱ्याने तेच वापरावं. फक्त सेव्ह फोल्डर होस्टवरच्या ठरावीक जागी जोडा, थांबवण्याचा सिग्नल सिगइंट करा, मुदत दोन मिनिटांची द्या आणि २४५६ व २४५७ हे दोन्ही पोर्ट यूडीपी म्हणून लिहा, कारण काहीच लिहिलं नाही तर डॉकर टीसीपी (डेटा पाठवण्याची दुसरी पद्धत) धरतं. शिवाय डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला (उबुंटूच्या फायरवॉलला) जुमानत नाहीत. इमेजबरोबर वेब पॅनल येत असेल तर त्याचा पोर्ट १२७.०.०.१ वरच (म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता) बांधा. अशी कंपोज फाईल (डॉकरच्या सगळ्या सेटिंगची फाईल) तुम्ही लिहून पाठवलीत, तर लेखात डॉकरचा पर्याय म्हणून ती जोडायला मला आवडेल.